युद्धबंदी आणि सहीची सबब

ज्यानें करारावर सही केली नाहीं त्यानें कराराचा लाभ मागूं नये, हा न्याय देवघेवीच्या व्यवहारांत ठीक आहे. परंतु शस्त्र टाकून हात वर केलेल्या मनुष्याचे प्राण राखावे कीं न राखावे, हेंही त्याच न्यायानें ठरवावें काय? दुसऱ्या महायुद्धांत हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला होता, व त्याच्या उत्तराचें फळ लक्षावधि जीवांनीं भोगलें.

युद्धबंद्यांसंबंधीं १९२९ सालीं जिनीव्हा येथें झालेला करार जर्मनीनें मान्य केला होता. सोव्हिएट रशिया त्यांत सामील नव्हता. जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यावर अल्पावधींत लक्षावधि रशियन शिपाई तिच्या हातीं सांपडले. रशियाची सही नाहीं, सबब आमच्यावर बंधन नाहीं, असें म्हणून जर्मन सेनाधिकाऱ्यांनीं त्यांस उघड्यावर, उपाशी व थंडींत ठेविलें. कित्येकांस गोळ्या घातल्या. सुमारें ५७ लक्ष बंद्यांपैकीं सुमारें ३३ लक्ष मृत्युमुखीं पडले, अशी एक गणना आहे. त्याच जर्मनीच्या छावण्यांतील इंग्रज व अमेरिकन बंद्यांत हें प्रमाण शेंकडा ४ च्या आसपास होतें.

या सबबीचें खंडन जर्मनीच्याच गोटांतून झालें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. लष्करी हेरखात्याचे मुख्य अॅडमिरल कानारिस यांनीं १५ सप्टेंबर १९४१ रोजीं सेनाधिपति कायटेल यांस लिहून कळविलें कीं, जिनीव्हाचा करार येथें लागू नसला तरी राष्ट्राराष्ट्रांतील सामान्य कायदा लागू आहेच. त्या कायद्याप्रमाणें बंदिवास हा सूड नव्हे, शिक्षाही नव्हे. शत्रूच्या शिपायास पुन्हा लढतां येऊं नये एवढ्यापुरतीच ती अटक होय. असले आक्षेप क्षात्रधर्माच्या जुन्या कल्पनेंतून निघतात, येथें तर एका विचारसरणीचा नाश करावयाचा आहे, असा शेरा मारून कायटेल यांनीं तें पत्र बाजूस सारिलें. १९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें या पत्रांत मांडलेला कायदाच बरोबर असल्याचें म्हटलें, व कायटेल फांसावर गेले.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत हात जोडलेल्यास, शस्त्रहीनास व शरण आलेल्यास मारूं नये, असें सांगितलें आहे. शत्रु स्वतः हा नियम पाळतो कीं नाहीं, याची चौकशी तेथें सांगितलेली नाहीं. आमच्या मतें यांतील मर्म हेंच कीं, बंद्याचें रक्षण हें धरणाऱ्याचें कर्तव्य आहे. बंद्याच्या राजाच्या वर्तनावर तें अवलंबून नाहीं.

१२ ऑगस्ट १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या १३ व्या कलमानें, शत्रूवर उट्टें काढण्यासाठीं बंद्यांस पीडा देण्यास मनाई केली आहे, आणि आज जगांतील यच्चयावत् राष्ट्रांनीं तो करार मान्य केला आहे. सहीची सबब आतां उरली नाहीं. तथापि २००२ सालीं अमेरिकेनें अफगाणिस्तानांत धरलेल्या तालिबान लोकांस युद्धबंदी हें नांवच नाकारलें. म्हणजे सबबीचें रूप तेवढें पालटलें. कोणत्याही युद्धांत 'या लोकांस हा नियम लागू नाहीं' असे शब्द कानीं आले, तर कानारिस यांचें तें पत्र आठवावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.