लिंबो आणि मातांचे दुःख

बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकाची गती काय? संत ऑगस्टीनने त्यास नरकच नेमून दिला, मात्र शिक्षा अत्यंत सौम्य ठेविली. मध्ययुगीन पंडितांस दया आली व त्यांनी नरकाच्या काठी यातनारहित ‘लिंबो’ कल्पिला. पुढे २००७ साली रोमन कॅथॉलिक चर्चच्या ईश्वरशास्त्रीय आयोगाने अशा बालकांच्या उद्धाराची आशा धरण्यास सबळ आधार असल्याचे सांगितले. लिंबो हा बंधनकारक सिद्धान्त कधीच नव्हता, असे समर्थन करण्यात येते. ते खरेही आहे. परंतु ज्यांची मुले पवित्र दफनभूमीबाहेर पुरली गेली, त्या मातांस हा सूक्ष्म भेद कोणी सांगितला होता? आमचे म्हणणे इतकेच की, जेथे शास्त्र मौन धरते तेथे शास्त्र्यांनीही धरावे. पाळण्यातील जिवास दोषी ठरविणारा न्याय ईश्वराचा नव्हे, कोरड्या तर्काचा होय.