पोटातील पटवारी

१९८२ साली ऑगस्टच्या २६ तारखेला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात, ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील एका प्रयोगशाळेत नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस पडून राहिलेल्या बशीत, बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना मनुष्याच्या जठरात वस्ती करणारा एक मळसूत्री जंतू वाढलेला दिसला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही; परंतु या जंतूविषयी आमच्या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात काही लिहावयाचे असल्यामुळे हा योगायोग नोंदवून ठेवतो. तिखटाचा आणि चिंतेचा परिणाम मानला गेलेला पोटातील व्रण हा पुष्कळदा या जंतूचा, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरीचा, प्रताप असतो हे इतरांना पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. नोबेल पारितोषिक पुढे २००५ साली आले.

जठरातील आम्लातून हा जंतू वाचतो तो युरिएज नामक विकराच्या बळावर; युरियापासून अमोनिया तयार करून तो आपल्याभोवतीचे आम्ल मारतो आणि श्लेष्माच्या थरात दडून बसतो. ही युक्ती आता सर्वपरिचित आहे. विचार करण्याजोगे आहे ते तिच्या नंतरचे संकट. शरीराच्या रक्षक पेशी प्राणवायूपासून बनलेल्या दाहक रेणूंचा मारा सुरू करतात, आणि तो जाऊन आदळतो जंतूच्या डीएनएवर, त्याच्या वंशपरंपरागत लेखावर. त्याचे दोन्ही धागे तुटले की दुरुस्ती होईपर्यंत जंतूला ना वाढ, ना वंश.

आमच्याकडील वाचकास हा प्रकार पटवाऱ्याच्या बस्त्यावरून चटकन उमगेल. जळाऊ लाकूड, चराई, तलावाचे पाणी यांवर गावाचा काय हक्क हे ज्या निस्तारपत्रकात लिहिलेले असते, त्याचे पान वाळवीने खाल्ले, तर शहाणा पटवारी काय करील? खाल्लेली किनार नीट कातरील, तहसिलीतून त्याच मौजाची नक्कल मागवील, आणि ओळीला ओळ भिडवून हरवलेला मजकूर भरून काढील. जंतूच्या पेशीत हेच घडते. अ‍ॅडएबी हा विकर तुटलेली टोके साफ करतो, रेकए हे प्रथिन ती टोके शाबूत प्रतीतील तशाच मजकुराशी नेऊन जुळवते, आणि तुटलेला दुवा सांधला जातो. ही व्यवस्था संशोधकांनी ज्या जंतूंत मुद्दाम निकामी केली, त्यांना उंदरांच्या जठरात धड बस्तान बसविता आले नाही.

परंतु हा पटवारी काटेकोर म्हणावा असा नव्हे. नक्कल करताना झालेल्या किरकोळ चुका शोधून सुधारणारी जी यंत्रणा इतर पुष्कळ जंतूंत असते, ती याच्या दफ्तरात नेहमीच्या स्वरूपात नाहीच. मोठे फाटलेले तो सांधतो, लहान चुका खुशाल राहू देतो. त्याहून नवलाची गोष्ट सिएटल येथील नीना सलामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिली. डीएनएला इजा पोहोचली की हा जंतू बाहेरचा डीएनए आत ओढणारी यंत्रणा जोमाने चालवितो, आणि भाईबंदांच्या पेशी फोडू शकणारे प्रथिनही अधिक निर्माण करतो. म्हणजे तहसिलीची वाट न पाहता शेजारच्या गावचे दफ्तर फोडण्याचाच हा प्रकार! शेजाऱ्याच्या प्रतीतले चार निराळे शब्द मग याच्या पत्रकात कायमचे शिरतात.

एवढे पुराण लावण्याचे कारण मेट्रोनिडाझोल हे औषध. हगवण लागली की गावोगाव याच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि या जंतूवरील उपचारातही त्या असतात. जंतूच्या पेशीत शिरल्यावर हे औषध त्याच्याच एका विकराकडून जागृत होते व त्याचा डीएनए तोडते. हल्ला होतो तो नेमका त्या बस्त्यावर. आठवडी बाजाराला आलेला मनुष्य पट्टीतून कातरून दिलेल्या चार गोळ्या घेऊन जातो, दोन दिवसांत हगवण थांबते, गोळ्याही थांबतात. ज्याचा त्या हगवणीशी काही संबंध नव्हता असा जठरातील जंतू मात्र फुकटात तालीम करून घेतो. औषधास जागे करणाऱ्या विकराच्या जनुकातच ज्याच्या बिघाड झाला तो तगतो, आणि तो बिघडलेला मजकूर शेजाऱ्यांच्या हाती लागण्यास वेळ लागत नाही. भारतात या औषधाला दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणात आढळतात, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

कोणी म्हणेल, हा जंतू तर कोट्यवधी भारतीयांच्या पोटात बालपणापासून असतो, बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि त्याच्या प्रसाराच्या मानाने जठराचा कर्करोगही आपल्याकडे कमीच. मग ही उठाठेव कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि सरसकट सर्वांना गोळ्या चाराव्यात अशी सूचना मी करणार नाही. तिने जंतूचेच फावेल. माझे म्हणणे इतकेच, की ज्याची पोटातील आग महिनोन्महिने शमत नाही त्याला दरवेळी आम्लावरची गोळी देऊन वाटेला लावू नये. शौचाच्या नमुन्यावरून हा जंतू ओळखता येतो. ती तपासणी एटापल्ली, सिरोंचा, जिवती येथील शासकीय रुग्णालयांत व्हावी, आणि जंतू निघाल्यास दोन प्रतिजैविकांसह आम्लरोधकाचा, बहुधा १४ दिवसांचा, पूर्ण उपचार व्हावा. ती सारी औषधे रुग्णाच्या हाती एकाच खेपेस पडली पाहिजेत. ‘आठवड्याने या, पुढची न्या’ हा शहरी शिरस्ता येथे चालणार नाही. मोहफुलांच्या दिवसांत मनुष्य रान सोडून येत नाही, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडच्या रुग्णाचा दुसरा आठवडा पलीकडच्या तीरावरच राहतो.