पुडा तोच, बिस्किटं किती?

कॉलेज सुटल्यावर टपरीवर कटिंग आणि सोबत पाच रुपयांचा बिस्किटपुडा, हा तुमच्यापैकी अनेकांचा रोजचा मेन्यू. चहा महागला, वडापाव महागला, पुडा मात्र वर्षानुवर्षं पाचलाच! मग महागाई इथे पोहोचलीच नाही का? पोहोचली की, पण पुड्याच्या आत. समजा, वजन ६० ग्रॅमवरून ५० झालं. किंमत तीच, पण ग्रॅममागचा भाव थेट २० टक्क्यांनी चढला. यालाच 'श्रिंकफ्लेशन' म्हणतात. पाचाचे सहा झाले तर आपण लगेच कुरकुरतो. एखाद-दुसरं बिस्किट कमी झालं तर कळतही नाही. शिवाय वरच्या एका रुपयासाठी सुट्टे कोण शोधणार?

आता उलटं गणित बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे पाचचा पुडा साधारण ४ रुपये ४५ पैशांना मिळायला हवा. पण ५५ पैसे परत कसे देणार? म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तशीच ठेवून वजन वाढवायचा रस्ता धरला. हिशेब सरळ आहे: ५० ग्रॅमचा पुडा ५६ ग्रॅमचा झाला, तरच करकपात पूर्ण तुमच्यापर्यंत पोहोचली.

महिनाअखेरीस हॉस्टेलवर ज्यांचं रात्रीचं जेवणच चहा-बिस्किट असतं, त्यांच्यासाठी हे सहा ग्रॅम किरकोळ नाहीत. तेव्हा उद्या पुडा फोडण्याआधी जरा उलटा करा. किंमत पाठ आहेच, वजन वाचा!