शाळेबाहेरील मुले आणि सरकारी अनुदान

विद्यालयाच्या वार्षिक अंकात विद्यालयातील घडामोडींचाच परामर्श घ्यावा असा सामान्य परिपाठ आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु ज्या शहरात आपण राहतो व शिकतो, त्या शहरातील सर्वच मुले विद्यालयाच्या दारातून आत येत नाहीत, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. १९७० साली सिडको मंडळ स्थापन झाले व नवी मुंबई वसविण्याचे काम त्याच्याकडे आले. विभाग, रस्ते, बाजार, उद्याने या सर्वांची आखणी प्रथम कागदावर झाली व नवे रहिवासी मागाहून आले. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, तुर्भे, दिघा आदी भागांत ज्या झोपडवस्त्या वाढल्या, त्यांची आखणी मात्र कोणी केली नव्हती. त्या वस्त्यांत शाळा सोडून कामाला लागलेली मुले आहेत, घर सोडून आलेली आहेत, आणि अठरावे वर्ष ओलांडताच जगाच्या बाजारात एकटी उभी राहणारीही आहेत. त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्था आपल्या शहरात आहेत. या संस्थांना सार्वजनिक तिजोरीतून पैसा मिळावा काय, आणि मिळावा तर कोणत्या रीतीने, या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ज्या तत्त्वावर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळते, त्याच तत्त्वावर शाळेबाहेरील मुलांची सेवा करणाऱ्या संस्थांनाही ते मिळाले पाहिजे. म्हणजे नियमाने, वेळेवर, तपासणीच्या अटीवर, आणि सेवकाच्या वेतनाची तरतूद करून.

हे तत्त्व काही नवे नाही. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात अनुदानाची पद्धत घालून दिली. जी शाळा चांगले ऐहिक शिक्षण देईल, जिची व्यवस्था जबाबदार मंडळाकडे असेल आणि जी सरकारी तपासणीस राजी असेल, तिला, मग ती कोणत्याही पंथाच्या लोकांनी चालविलेली असो, सरकारने साहाय्य द्यावे असे ठरले. मिशनच्या शाळांची वाढ या आधारावर झाली, व एतद्देशीय मंडळ्यांच्या शाळांचीही झाली. सर्व शाळा सरकारने स्वतः चालविणे झेपणारे नव्हते; आणि लोकांच्या औदार्यावर सर्व भार टाकला तर गरिबांची मुले उपाशीच राहणार होती. म्हणून संस्थेने माणसे द्यावीत, सरकारने पैसा द्यावा, आणि दोघांनी मिळून लोकांस हिशेब द्यावा, असा हा मधला मार्ग निघाला.

या मार्गावरही खाचखळगे होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी हेच दाखवून दिले की, सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या घामातून येते, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या मुलांस होतो. सार्वजनिक पैसा कोणाच्या कष्टाचा आणि तो पोचतो कोणाकडे, हा प्रश्न त्यांनी त्या वेळी विचारला. आमच्या समजुतीप्रमाणे प्रत्येक अंदाजपत्रकासमोर तो आजही विचारण्याजोगा आहे. तुर्भ्याच्या वस्तीत राहणारा मजूरही साबणाची वडी घेताना कर भरतोच. त्या करातून त्याच्या मुलास काय मिळते?

आता अशा मुलांच्या संस्थांचा इतिहास पाहू. त्यासाठी फार दूर जावयास नको. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द लागते. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसंबंधीचा कायदा झाला आणि त्याची अंमलबजावणी करण्यासाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था निघाली. डोंगरी व मानखुर्द येथील बालगृहे तिने सांभाळली. संस्था लोकांची व द्रव्य बव्हंशी सरकारचे, असा हा संसार शतकाच्या घरात येऊन पोचला आहे.

दुसरी कथा नागपाड्याची. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथील दाट वस्तीत नागपाडा नेबरहूड हाउस हे सेवाकेंद्र चालविले. पुढे सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली समाजकार्य शिकविणारी एक शाळा तेथेच सुरू झाली. १९४४ पासून तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. या संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ साली मुंबईत मुलांसाठी चाइल्डलाइन हा दूरध्वनी सुरू केला. त्याचा क्रमांक १०९८. 'दस-नौ-आठ' असे उलटे मोजले की अक्षरशत्रू मुलालाही तो विसरणे शक्य नाही. पैसे न पडता, दिवसा वा मध्यरात्री, कोणत्याही मुलाने अथवा मुलाविषयी कळकळ असलेल्या कोणीही तो लावावा आणि जवळच्या संस्थेच्या सेवकाने धावून जावे, अशी ही योजना होती. केंद्र सरकारने ती उचलून धरली; १९९९ साली चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था निघाली; आणि पुढे सरकारी अनुदानावर व ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांच्या बळावर हे काम देशभर पसरले.

२०२३ साली या व्यवस्थेत मोठा पालट झाला. 'मिशन वात्सल्य' योजनेखाली हा दूरध्वनी राज्य सरकारे व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे सोपविण्यात आला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आला. १०९८ हा क्रमांक तसाच राहिला. परंतु ज्या संस्था वर्षानुवर्षे तो चालवीत आल्या होत्या त्यांच्या हातून तो गेला. या पालटाचे समर्थन करणारे म्हणतात की, संकटात सापडलेल्या मुलापर्यंत पोलीस व सरकारी यंत्रणा अधिक त्वरेने पोचेल, आणि बालरक्षण हे सरकारचेच कर्तव्य आहे. हे म्हणणे पोकळ नाही. कर्तव्य सरकारचे आहे, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. प्रश्न एवढाच की, ज्या सेवकास स्थानकावरील फलाटाचा कोपरान् कोपरा ठाऊक, ज्याला वस्तीतील मुले नावाने हाक मारतात, त्याची ओळख सरकारी आदेशाने दुसऱ्याच्या हवाली करता येते काय? खुर्ची सोपविता येते, दप्तर सोपविता येते. पण मुलाचा विश्वास सोपविता येत नाही. तो ज्याचा त्यानेच मिळवावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात.

आमच्या शहराची एक विशेष अडचणही येथे सांगितली पाहिजे. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे आणि त्याला लागूनच असलेले खारघर रायगड जिल्ह्यात आहे. महानगरपालिकाही दोन: नवी मुंबईची १९९२ पासूनची, आणि पनवेलची २०१६ पासूनची. बाल संरक्षण कक्ष व बालकल्याण समिती यांची रचना जिल्ह्याप्रमाणे होते. बेलापुरातून निघालेले मूल खारघरात सापडले तर त्याने जिल्ह्याची सीमा ओलांडली, हे त्या बापड्यास काय ठाऊक? २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार सापडलेल्या मुलास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत समितीपुढे नेले पाहिजे. अशा वेळी दोन्ही बाजूंस माणसे असलेली संस्थाच उपयोगी पडते. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेली व तरुणांत आणि शहरी गरिबांत काम करणारी 'युवा' ही संस्था पाहा. तिचे केंद्र खारघरला असले तरी तिचे कार्य खारघरपुरते कधीच नव्हते.

आता पैशाकडे वळू. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मिशन वात्सल्यचा खर्च केंद्राने साठ टक्के व आमच्यासारख्या राज्याने चाळीस टक्के सोसावयाचा आहे. संस्थेत राहणाऱ्या बालकाच्या पोषणासाठी दरमहा ३,००० रुपये, आणि कुटुंबात राहून मदत घेणाऱ्या बालकासाठी दरमहा ४,००० रुपये असा दर आहे. तीन हजारांस तीस दिवसांनी भागले तर दिवसाला शंभर रुपये येतात. तेवढ्यात एका वाढत्या मुलाचे अन्न, कपडा व साबण भागवावयाचे, हे गणित आमच्या पाचवीतील विद्यार्थ्यांनीही एकदा मांडून पाहावे.

परंतु रकमेपेक्षाही वेळेचा प्रश्न बिकट आहे. अनुदान रखडले तर सरकारी दप्तरातील कोणाचे जेवण चुकत नाही. संस्था वाण्याकडे उधारी करते, सेवकाचा पगार थकतो, तो सेवक नाइलाजाने दुसरी नोकरी धरतो, आणि ज्या मुलाला त्याचा लळा लागला होता ते मूल पुन्हा पोरके होते. पूर्ण अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून होते, आणि म्हणून तो वीस-पंचवीस वर्षे एकाच शाळेत राहून पिढ्या घडवू शकतो. रस्त्यावरील मुलांचा शिक्षक मात्र बहुधा वर्षावर्षाच्या करारावर राबतो. दोघांच्या कामात एवढे अंतर आहे काय?

यावर कोणी म्हणतील की, कारखानदार आहेतच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले आहे, आणि आमच्या पंचक्रोशीत कंपन्यांस तोटा नाही. त्या साहाय्याचा आम्ही आदरच करितो. तथापि नफा हा भरती-ओहोटीसारखा असतो. ज्या वर्षी व्यापार मंदावतो त्याच वर्षी मजुराचे काम सुटते व त्याचे मूल रस्त्यावर येते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच देणगी आटते. शिवाय देणगीदारास आपल्या नावाची पाटी लावता येईल अशी खोली बांधणे प्रिय असते. रात्री दोन वाजता फलाटावर जाणाऱ्या सेवकाच्या पगारावर पाटी कोठे लावणार? परदेशी साहाय्याचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने अरुंद झाला असून, मोठ्या संस्थेने परदेशी निधीतून लहान संस्थेस वाटा देणे आता बंद आहे. म्हणून सार्वजनिक अनुदान हाच पाया, आणि देणगी ही त्यावरील भर, असा क्रम असला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुदानाच्या लोभाने काही लोक नावापुरत्या संस्था काढतात व मुलांच्या नावावर आपली घरे भरतात, असे म्हटले जाते. असे प्रकार घडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय तपासणी हा होय. लबाड दुकानदार आहेत म्हणून बाजार बंद करीत नाहीत, मापे तपासतात. मात्र तपासणी कशाची करावयाची, हेही नीट ठरविले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालाप्रमाणे शाळांस अनुदान देण्याची पद्धत होती. परिणाम असा झाला की, शिक्षक मुलांकडून उत्तरे घोकून घेऊ लागले आणि शिक्षण बाजूस राहिले. अखेरीस ती पद्धत सोडून द्यावी लागली. आज जर संस्थेचे काम केवळ आलेल्या फोनांच्या व नोंदविलेल्या मुलांच्या संख्येवरून मोजले, तर तोच इतिहास पुन्हा घडेल: वह्या भरतील आणि मुले तशीच राहतील. तपासनिसाने जमाखर्च पाहावा, हे खरेच; पण मुलांजवळ बसून त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, त्यांचे जेवण चाखावे, आणि दोन वर्षांपूर्वी संस्थेतून बाहेर पडलेला तरुण आज काय करतो, हेही विचारावे.

या सर्वाचा विचार करून आमची नम्र सूचना अशी आहे. चांगल्या संस्थेस एका वर्षाऐवजी निदान तीन वर्षांसाठी अनुदान मंजूर व्हावे आणि त्याचा हप्ता तिमाहीच्या आरंभी मिळावा. सेवकाच्या वेतनाचा दर ठरलेला असावा. संस्थेने आपला ताळेबंद दर वर्षी कोणासही वाचता येईल अशा सोप्या मराठीत प्रसिद्ध करावा. आमच्या दोन्ही महानगरपालिकांनी या कामातील आपला वाटा उचलावा. कारण महापालिकांच्या कायद्यातच महिला व बालकल्याण समितीची तरतूद आहे, आणि मूल हरवते ते शहराच्या रस्त्यावर. दूरध्वनी सरकारकडे राहिला तरी हरकत नाही. पण प्रत्यक्ष धावून जाण्याच्या कामी अनुभवी संस्थांस पुन्हा सोबत घ्यावे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, अनुदान वाढविणे तुमच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. पण काही वर्षांनी तुम्ही कर भराल, मत द्याल, आणि तुमच्यापैकी काही जण ज्या टेबलावर अनुदानाची प्रकरणे पडून असतात त्या टेबलामागे बसतील. त्या दिवशी समोर आलेला कागद हा केवळ कागद नसून, त्यामागे कोणी मूल ताट घेऊन बसले आहे, एवढे ध्यानात ठेवा. आणि आज एवढेच करा: १०९८ हा क्रमांक पाठ करा, आणि वाटेत कोणी भेदरलेले मूल एकटे दिसले तर मान वळवून पुढे जाऊ नका. तुमच्या बाकाची अर्धी किंमत लोकांनी भरली आहे. ज्याला बाकच मिळाला नाही, त्याचेही त्या लोकद्रव्यावर तितकेच देणे लागते.