सेवकाचाही कोणी वाली हवा



गेल्या रविवारी मिस्सेनंतर हुबळीच्या एक माता भेटावयास आल्या. त्यांची पदवीधर कन्या आफ्रिकेतील एका शाळेत वर्षभर विनावेतन शिकवावयास जाऊ इच्छिते. त्या म्हणाल्या, "फादर, सत्कर्मासाठीच जाते आहे, देव सांभाळील, तरी मन धजत नाही." त्यांची ही काळजी मला अश्रद्धेची वाटली नाही.

सेवेसाठी परदेशातून आलेले तरुण आपल्या देशाने पाहिले आहेत. अमेरिकेने २२ सप्टेंबर १९६१ रोजी 'पीस कोअर'चा कायदा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे पहिले स्वयंसेवक पंजाबात आले, आणि १९७६ पर्यंत ४,००० हून अधिक जणांनी भारतात सेवा केली. काही जण तेव्हाच्या म्हैसूर राज्यातही होते. मुंबईच्या विक्रोळीत १९६६ ते १९६८ या काळात रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या लिलियन कार्टरबाईंनी तर साठी केव्हाच ओलांडली होती. त्यांचे पुत्र जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

त्या मूळ कायद्यात एक दूरदृष्टी होती. स्वयंसेवक हा एरवी सरकारी नोकर नव्हे. तथापि सेवेत इजा झाल्यास त्याला सरकारी नोकराप्रमाणेच भरपाई मिळावी, व सेवाकाळात त्याच्या औषधोपचाराचा भार शासनाने वाहावा, अशी तरतूद त्यात होती. परंतु संकट केवळ अपघाताच्या रूपाने येत नाही.

केट प्युझी ही २४ वर्षांची तरुणी पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात खेड्यातल्या शाळेत शिकवीत असे. शाळेतील मुलींवर एक शिक्षक अत्याचार करतो असे कळताच तिने ते वरिष्ठांना कळविले, व आपले नाव उघड करू नये अशी विनंती केली. मार्च २००९ मध्ये तिची हत्या झाली. ते गुपित राखले गेले नाही, अशी तिच्या आईवडिलांची व्यथा होती. त्यांनी व इतर स्वयंसेवकांनी केलेल्या खटपटीमुळे २१ नोव्हेंबर २०११ रोजी तिच्याच नावाचा कायदा झाला. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राखणे, लैंगिक अत्याचाराविषयी प्रशिक्षण देणे व पीडितांची बाजू घेणारी कचेरी चालविणे ही कर्तव्ये त्याने संस्थेवर घातली. पुढे चीनमध्ये २०१३ साली निक कॅसल हा २३ वर्षांचा स्वयंसेवक आजारपणात दगावला, आणि २०१८ मध्ये वैद्यकीय देखरेख सुधारण्यासाठी आणखी एक कायदा झाला.

दोन्ही कायदे झाले, पण ते दोन तरुण जीव गेल्यानंतर. शहाण्याने ही किंमत दुसऱ्यांदा मोजू नये.

म्हणून त्या मातेस मी एवढेच सांगितले: मुलीस अडवू नका, पण धाडणाऱ्या संस्थेला लेखी विचारा. आजारी पडल्यास उपचार कोण करील? इजा झाल्यास भार कोण उचलील? आणि तिने कोणाविरुद्ध तक्रार केली, तर तिचे नाव कोणाकोणास कळेल? उत्तर देण्यास जी संस्था कुरकुर करील, तिच्या हाती मुलगी सोपवू नये.

हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारले पाहिजेत. आपल्याही मुली खेड्यापाड्यांत शिकवणीस व शुश्रूषेस जातात. त्यांपैकी एखादी उद्या विश्वासाने काही सांगू लागली, तर प्रथम ते ऐकून घ्यावे. "सेवेत एवढे चालायचेच" असे म्हणून तिला गप्प करू नये, आणि तिचे बोलणे चार घरी पोहोचवूही नये.