धुकं ‘ऑटो’ला दिसत नाही

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात भरदुपारी धुकं उतरतं. वाटेतल्या भाताणच्या अंधाऱ्या बोगद्यात ‘ऑटो’वर ठेवल्यामुळे आपोआप लागलेले हेडलाइट इथे मात्र अनेकदा लागतच नाहीत. त्यांचा सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. आणि पांढऱ्या धुक्यात उजेड भरपूर असतो. पुढे दिवसा चालू राहणारे छोटे दिवे चमकतात म्हणून चालक निर्धास्त. बऱ्याच गाड्यांचे मागचे लाल दिवे बंदच!

मागच्या ट्रकला गाडी दिसणार कशी?

आपोआप चालणाऱ्या वायपरचंही तसंच. त्याचा सेन्सर काचेत इन्फ्रारेड किरण सोडतो. थेंब पडले की परतणारे किरण घटतात आणि वायपर चालू होतो. काचेवरचा चिखल त्यालाही चकवतो.

सोय चांगली, पण जबाबदारी चालकाचीच. धुकं दिसताच लो बीम स्वतः लावा आणि गाडी धुवायला देताना वायपरचं ‘ऑटो’ बंद करा.