नगरसेवकाचे विरोधी मत

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि मार्च २०२२ नंतर प्रथमच पुण्याला लोकनियुक्त नगरसेवक लाभले. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याच हाती होते. अंदाजपत्रक तेच तयार करीत आणि तेच मंजूर करीत. आता सभागृह भरले आहे. त्यात बसलेल्या प्रत्येकाची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावरून कोणालाही पाहता येतात. परंतु सार्वजनिक पैसा कोठे खर्चू द्यावा आणि कोठे अडवावा, याची समज त्याला कोणत्या अनुभवातून आली, हे कोणतेही प्रतिज्ञापत्र सांगत नाही. वस्तुतः खरी पार्श्वभूमी तीच होय.

पुण्याच्या कारभारात याचे एक ठळक उदाहरण आहे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. मुलींची शाळा काढणारे, सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. सभासद म्हणून त्यांनी काय केले याकडे सहसा कोणी वळत नाही. त्यांना मतदारांनी निवडून दिले नव्हते, सरकारने नेमले होते. ज्याच्या कृपेने खुर्ची मिळाली त्याच्या कलाने मत द्यावे, हा नेमलेल्या सभासदांचा सर्वसाधारण रिवाज. जोतीरावांनी तो पाळला नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते.

हे धाडस केवळ तत्त्वनिष्ठेतून आले असे मानणे अपुरे ठरेल. जोतीराव व्यवसायाने कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांना त्यांनी माल पुरविला होता. सरकारी बांधकामात पैसा कोणत्या वाटेने जातो आणि कामगारांच्या हाती त्यातला किती पडतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ज्याला हिशेब कळतो त्याला हजार रुपयांच्या स्वागतमंडपाची भुरळ पडत नाही.

मात्र पार्श्वभूमीवरून माणसाचे मत आधीच सांगता येते, असेही नाही. नव्या मंडईच्या मोठ्या खर्चाची योजना पुढे आली, तेव्हा माळी कुळात जन्मलेल्या, फुले-भाजीपाल्याच्या व्यवसायात वाढलेल्या जोतीरावांनी तिला पाठिंबा द्यावा, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. त्यांनी विरोध केला. शिक्षणाची गरज अधिक निकडीची आहे, असे त्यांचे मत होते. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने खुली झाली आणि पुढे तिला खुद्द जोतीरावांचेच नाव देण्यात आले! मंडई पुण्याला उपयोगी पडली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे त्यामुळे सिद्ध होत नाही. शहरातील दारूच्या दुकानांविषयीही त्यांनी त्याच वर्षी, १८८० मध्ये, लेखी तक्रार केली. एका हाताने आरोग्यावर खर्च करावयाचा आणि दुसऱ्या हाताने ते बिघडविणारी दुकाने वाढू द्यावयाची, ही विसंगती त्यांना दिसत होती.

शिक्षकवर्गाने लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना, मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनी उचलावा, पण शाळांची व्यवस्था मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, असे जोतीरावांनी सांगितले. सहा वर्षे आत बसून पाहिलेल्या सभासदाचा हा अभिप्राय आहे.

आता त्याच खडकवासल्याच्या परिसरात यावे. ३० जून २०२१ रोजी नांदेड, किरकटवाडी, खडकवासला यांसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या, नगरसेवक मात्र मिळाले नाहीत, कारण निवडणूकच लांबली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराची साथ पसरली आणि त्या महिन्याच्या अखेरीस रुग्णसंख्या शंभरावर गेली. शुद्धीकरण केंद्राविना, केवळ क्लोरिन मिसळून या गावांना पाणी दिले जात होते, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असा दावा करणे धाडसाचे होईल. परंतु ज्याच्या दाराशी जाऊन जाब विचारावा असा माणूसच तेथे नव्हता, आणि पाण्याआधी कोणत्या खर्चाला कात्री लावावी हे सभागृहात सांगणाराही कोणी नव्हता.

आज तसा माणूस आहे. एका प्रभागात चार-चार आहेत. यातच एक अडचण आहे. चौघांच्या प्रभागात यश प्रत्येकाचे असते, हयगय मात्र उरलेल्या तिघांची. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो; पुण्याला ती सोय का नसावी, याचे पटण्याजोगे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. शिवाय नगरसेवकाचा बराच जीव अडकतो तो अंदाजपत्रकातील ‘स’ यादीत. म्हणजे आपल्या प्रभागातील बाके, कमानी, पेव्हर ब्लॉक आणि नामफलक यांत. ही कामे दिसतात, त्यांवर नाव कोरता येते. जलवाहिनी जमिनीखाली जाते.

म्हणून नांदेड-किरकटवाडीच्या शिक्षकांनी, कारकुनांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी आपल्या प्रभागातील प्रत्येक नगरसेवकाला स्वतंत्रपणे दोन प्रश्न लेखी विचारावेत. पाणी शुद्धीकरणासाठी अंदाजपत्रकात किती तरतूद आहे, हा पहिला. आणि त्या तरतुदीसाठी आपण कोणत्या खर्चाविरुद्ध मत दिले, हा दुसरा.